दारू, दुचाकी आणि अर्धा सेकंद

दरवर्षी जानेवारी महिन्यात आपल्याकडे रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. पूर्वी तो सप्ताह असे, अलीकडे महिनाभर चालतो. महाविद्यालयांमध्ये फलक लागतात, पथनाट्ये होतात, सामूहिक शपथ घेतली जाते. 'दारू पिऊन वाहन चालवू नका' हे वाक्य त्यात असतेच. पण शपथ घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आपण विचारले, "का चालवू नये?" तर बहुधा उत्तर येते, "पोलीस पकडतात म्हणून." म्हणजे पोलीस नसलेल्या रस्त्यावर ही शपथ लागू नाही, असाच त्याचा अर्थ झाला!

शिक्षकांचीही एक अडचण असते. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे 'आमची मुले पीतच नाहीत' असे गृहीत धरून गप्प बसणे सोयीचे वाटते. पण वसतिगृहे, सहली, ढाब्यावरच्या वाढदिवसाच्या पार्ट्या यांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही असे नाही. उपदेश केला की मुले कान बंद करतात आणि काहीच बोललो नाही तर मित्रांकडून ऐकलेल्या चुकीच्या गोष्टींवर त्यांची भिस्त राहते. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. या 'का'चे उत्तर विज्ञानाच्या तासाला शोधणे, ही ती वाट. त्यासाठी लागणारे सगळे विज्ञान नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमाच्या आवाक्यातले आहे.

पोटातून मेंदूपर्यंत

बिअर, वाईन, व्हिस्की, देशी, ताडी ही नावे वेगवेगळी असली तरी या सर्वांमधला परिणाम करणारा पदार्थ एकच आहे, तो म्हणजे इथाइल अल्कोहोल किंवा मद्यार्क. त्याचे सूत्र C₂H₅OH असे आहे. हा रेणू अगदी लहान आहे. तो पाण्यात सहज मिसळतो आणि पेशींच्या स्निग्ध आवरणातूनही पार होतो. भाकरी किंवा डाळ यांचे पचन होऊन लहान रेणू तयार व्हावे लागतात, मगच ते रक्तात जातात. मद्यार्काला अशा पचनाची गरज नसते. त्याचा थोडा भाग जठरातूनच रक्तात शिरतो, उरलेला बराचसा लहान आतड्यातून शिरतो. पोट भरलेले असेल तर जठरातले अन्न आतड्यात हळूहळू सरकते आणि मद्यार्कही हळू शोषला जातो. पण हळू शोषला जातो म्हणजे शोषला जात नाही असे नव्हे.

रक्तात आलेला मद्यार्क शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे पसरतो. मेंदूला अनेक पदार्थांपासून वाचवणारा एक अडसर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो. मद्यार्काला तो अडवू शकत नाही. त्यामुळे पहिल्या काही घोटांनंतर थोड्याच मिनिटांत तो मेंदूत पोहोचलेला असतो.

चढण्या-उतरण्याचा आलेख

मराठीत दारू 'चढते' आणि 'उतरते' असे आपण म्हणतो. हे शब्द अगदी शास्त्रशुद्ध आहेत. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर रक्तातील मद्यार्काचे प्रमाण घेऊन आलेख काढला तर तो आधी चढतो, साधारण अर्ध्या ते दीड तासात शिखरावर पोहोचतो आणि मग उतरू लागतो. हे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम मद्यार्क आहे, या एककात सांगण्याची पद्धत आहे.

शिखर किती उंच असेल याचा अंदाज करण्याची रीत एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिली. ती सोपी आहे. प्यायलेला मद्यार्क शरीराच्या सगळ्या वजनात पसरत नाही, मुख्यतः पाण्याच्या भागात पसरतो. म्हणून शरीराच्या वजनाला एका अपूर्णांकाने गुणायचे. पुरुषांसाठी तो सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरतात. येणाऱ्या संख्येने मद्यार्काच्या वजनाला भागायचे.

एक उदाहरण करून पाहू. ६० किलो वजनाचा एक तरुण आहे. त्याने ६० मिलिलिटरचा एक पेग व्हिस्की घेतली. आपल्याकडच्या व्हिस्कीत आकारमानाने ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे पेगमध्ये सुमारे २५.७ मिलिलिटर मद्यार्क झाला. त्याची घनता ०.७९ धरली तर वजन सुमारे २० ग्रॅम भरते. आता ६० ला ०.६८ ने गुणले की ४०.८ किलो येतात. २० ग्रॅम मद्यार्क ४०.८ किलोत पसरला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ती एका पेगमध्येच ओलांडली गेली!

"मी फक्त बिअर घेतो, ती काही दारू नव्हे," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम होतो. एक बाटली बिअर म्हणजे दोन पेग व्हिस्की! त्याच तरुणाच्या रक्तात यामुळे १०० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाते. ५० किलो वजनाच्या मुलीने एकच पेग घेतला तर तिच्या रक्तात सुमारे ७४ मिलिग्रॅम येतात. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. मात्र ते सरासरीचे गणित आहे, हे ठळकपणे सांगायला हवे. माणसामाणसांत बराच फरक पडतो. 'इतकी घेतली तर चालेल' असा परवाना या सूत्रातून मिळत नाही.

आता उतरण्याची बाजू पाहू. मद्यार्काचे विघटन मुख्यतः यकृतात होते. एक विकर त्याचे अॅसिटाल्डिहाइड बनवते, दुसरे त्याचे अॅसिटेट बनवते आणि पुढे त्याचे पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड होते. पहिल्या विकराची क्षमता मर्यादित आहे. एसटी स्थानकावर आरक्षणाची एकच खिडकी उघडी असली तर रांगेत दहा माणसे असोत की शंभर, तासाला ठरावीकच तिकिटे निघतात. यकृताचेही तसेच होते. रक्तातली पातळी तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. कुणाची १० ने, कुणाची २० ने. म्हणून आलेखाची उतरती बाजू जवळजवळ सरळ रेषा असते. बारावीच्या विद्यार्थ्यांना किरणोत्सारी ऱ्हासाचा वक्र ठाऊक असतो. त्याच्याशी याची तुलना करायला सांगावी.

या सरळ रेषेतून दोन महत्त्वाच्या गोष्टी कळतात. पहिली गोष्ट 'उताऱ्यां'बद्दलची. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही यकृताची खिडकी वेगाने चालत नाही. कॉफीने झोप उडेल, पण रक्तातला मद्यार्क तेवढाच राहील. झिंगलेला माणूस जागा झाला, इतकेच! दुसरी गोष्ट सकाळबद्दलची. रात्री दहाला बसून बारा वाजेपर्यंत दोन बाटल्या स्ट्राँग बिअर घेतली, तर एकूण हिशेब २०० मिलिग्रॅमचा होतो. सकाळी आठ वाजेपर्यंतच्या दहा तासांत १५० उतरले, तरी ५० उरतातच. आठच्या प्रात्यक्षिकाला दुचाकीवरून निघालेला हा विद्यार्थी झोपून, आंघोळ करून, चहा पिऊन निघालेला असतो. आपण अजून मर्यादेच्या वर आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

मेंदूत काय होते?

दारूने माणूस मोकळा होतो, मोठ्याने बोलतो, हसतो. त्यामुळे दारू उत्तेजक आहे असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना 'चालू कर' आणि 'थांब' अशा दोन्ही प्रकारचे रासायनिक निरोप देत असतात. मद्यार्कामुळे 'थांब' हा निरोप देणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढतो आणि 'चालू कर' म्हणणाऱ्या ग्लूटामेटचा परिणाम घटतो. एकंदर कामकाज मंदावते. मग माणूस मोकळा कसा होतो? कारण आपल्याला आवरून धरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि तो भाग लवकर ढिला पडतो. लगाम सुटला म्हणून घोडा उधळला, घोड्याला जोर आला म्हणून नव्हे.

इथेच खरी गोम आहे. 'मी गाडी चालवू शकतो का?' या प्रश्नाचे उत्तर देणारा भाग हाच. दारूमुळे जो परीक्षक सर्वांत आधी सैल होतो, त्याच्याच हातून आपण उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र घेत असतो. "मला चढत नाही" हे वाक्य त्यामुळेच पुरावा म्हणून कुचकामाचे आहे. नियमित पिणाऱ्याची जीभ अडखळत नाही, पाय डगमगत नाहीत, हे खरे. पण त्याच्या रक्तातला मद्यार्क काही कमी झालेला नसतो आणि अचानक काही घडले तर त्याची गडबड उघड होते.

यानंतर नंबर लागतो तो अनुमस्तिष्काचा. स्नायूंच्या हालचालींचा मेळ आणि तोल यांची व्यवस्था तिथे आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकाही बिघडतात. त्यांत द्रव असतो आणि डोके हलले की द्रवाच्या हालचालीने एक जेलीसारखा पडदा वाकतो. पडदा आणि द्रव यांची घनता एरवी सारखी असते. मद्यार्क आधी पडद्यात शिरतो, पडदा हलका होतो आणि डोके स्थिर असतानाही ते फिरत असल्याची खोटी बातमी मेंदूला जाऊ लागते. अंथरुणावर पडल्यावर खोली गरगरते ती यामुळे.

मोटारीच्या चालकाला निदान तोल सांभाळावा लागत नाही. दुचाकीवर मात्र डोळे, कान, अनुमस्तिष्क आणि हात यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण दुचाकीच चालवतात. २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील शंभरात सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते.

पट्टीचा प्रयोग

प्रतिक्रियेला वेळ लागतो, हे वर्गात सहज दाखवता येते. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न टेकवता, उघडी ठेवावीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. चिमटीपाशी जो आकडा येईल तितके अंतर पट्टी पडली. मुक्त पतनाच्या सूत्रावरून त्याचा वेळ काढता येतो. १० सेंटिमीटरला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, २५ ला ०.२३ आणि ३० ला ०.२५ सेकंद. प्रत्येकाने दहा वेळा करून सरासरी काढावी.

आता दुसरी फेरी. पट्टी पकडणाऱ्याने त्याच वेळी शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचे: ९३, ८६, ७९... बहुतेकांची पट्टी अधिक खाली जाते, काहींच्या हातून निसटतेच. लक्ष विभागले की काय होते ते विद्यार्थ्यांना थेंबभरही दारू न वापरता अनुभवता येते. गाडी चालवणे हे मुळातच लक्ष विभागण्याचे काम आहे. समोरचा खड्डा, मागचा हॉर्न, डावीकडचा रिक्षावाला, हातातला क्लच, सारे एकाच वेळी. आणि लक्ष विभागून काम करण्याची क्षमता मद्यार्काच्या अगदी थोड्या प्रमाणानेही घटते.

अर्ध्या सेकंदाचे गणित

पट्टीच्या प्रयोगात काय होणार आहे ते आधीच ठाऊक असते. रस्त्यावर तसे नसते. काहीतरी दिसले, ते मूल आहे हे कळले, ब्रेक लावायचा असे ठरले, मग पाय हलला. या सगळ्याला सावध चालकालाही एक सेकंद किंवा थोडा अधिकच वेळ लागतो. आपण हिशेबासाठी एक सेकंद धरू.

गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक चांगले आहेत, रस्ता कोरडा आहे आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असे समजू. प्रतिक्रियेच्या एका सेकंदात गाडी १६.७ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी २३.१ मीटर जाते. एकूण ३९.८ मीटर. ४२ मीटरवर एक मूल रस्त्यात आले असेल तर गाडी त्याच्या अलीकडे दोन मीटरवर थांबते. चालकाच्या छातीत धडधडते, मूल घाबरते, लोक चार शब्द सुनावतात. प्रकरण तिथेच संपते.

आता चालक प्यायलेला आहे आणि त्याला एकाऐवजी दीड सेकंद लागतो असे समजा. बाकी सारे तेच. दीड सेकंदात गाडी २५ मीटर जाते. ब्रेकसाठी उरतात १७ मीटर. या १७ मीटरनंतर वेग किती उरला? सुरुवातीच्या वेगाचा वर्ग २७८ आहे. त्यातून २ × ६ × १७, म्हणजे २०४ वजा केले की ७४ उरतात. त्याचे वर्गमूळ सुमारे ८.६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर. ज्या मुलाच्या अलीकडे गाडी थांबायला हवी होती, त्याच्यावर ती ताशी ३१ किलोमीटर वेगाने आदळते. फरक फक्त अर्ध्या सेकंदाचा!

"प्रतिक्रिया ०.२ सेकंदानेच लांबली तर?" असा प्रश्न वर्गाला घालावा. उत्तर येते ताशी सुमारे १३ किलोमीटर. आणखी एक प्रश्न: वेग ताशी ४० असता तर? दीड सेकंद लागूनही गाडी २७ मीटरमध्ये थांबली असती. पण इथे मघाचा परीक्षक पुन्हा आठवायला हवा. लगाम सुटलेल्या माणसाला ताशी ४० हा वेग फार कमी वाटतो. दारू प्रतिक्रिया लांबवते आणि वेगही वाढवते, म्हणून ती दुहेरी घातक आहे.

फुंकर मारून मोजमाप

पोलीस तोंडाने फुंकायला लावतात ते वास घेण्यासाठी नव्हे. फुप्फुसांतल्या वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. रक्तातला मद्यार्क त्यातून हवेत येतो आणि हेन्रीच्या नियमानुसार दोहोंतील प्रमाणांचे ठरावीक नाते असते. सुमारे २१०० मिलिलिटर उच्छ्वासात जेवढा मद्यार्क असतो, तेवढा १ मिलिलिटर रक्तात असतो, असे धरतात. म्हणून लांब फुंकर मागतात, कारण वायुकोशांतली हवा शेवटी येते. बडीशेप, वेलची किंवा पान खाऊन वास झाकता येतो, फुप्फुसातून येणारा मद्यार्क झाकता येत नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली केलेल्या उपकरणात पोटॅशियम डायक्रोमेट वापरले जाई. मद्यार्कामुळे त्याचा नारिंगी-पिवळा रंग पालटे. आजच्या उपकरणांत बहुधा इंधनघट असतो. त्यात मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो मोजला जातो. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आम्लयुक्त डायक्रोमेटच्या द्रावणात इथेनॉलचे काही थेंब टाकून नारिंगी रंग हिरवा होताना दाखवावा. मात्र डायक्रोमेट विषारी आहे. हा प्रयोग शिक्षकांनीच परीक्षानळीत करायचा, कुणालाही द्रावणात फुंकायला लावायचे नाही.

कायद्यात मर्यादा का आणि किती?

रक्तातील पातळीचा आकडाच कायद्यात घालण्याची सुरुवात नॉर्वेने १९३६ साली केली. त्यांची मर्यादा ५० मिलिग्रॅमच्या जवळपास होती, पुढे त्यांनी ती २० वर आणली. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ती ३० मिलिग्रॅम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असेही कायदा सांगतो. असे का, ते आपल्या आलेखावरून ध्यानात येईल. उशीर होईल तसा पुरावा तासाला १५ मिलिग्रॅमने उतरत जातो.

विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असलेले कलम १८८ मुद्दाम सांगावे. प्यायलेल्या माणसाला गाडी चालवायला प्रवृत्त करणारा किंवा साहाय्य करणाराही त्याच शिक्षेला पात्र ठरतो. "चल, काही होत नाही," म्हणून किल्ली हातात देणारा मित्र कायद्याच्या दृष्टीने केवळ बघ्या नसतो.

हे आकडे प्रत्यक्षात काय असतात, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे एक मोटार पदपथावर चढली. तिथे झोपलेले सात मजूर मरण पावले, आठ जखमी झाले. चालक विशीतला तरुण होता. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. सदोष मनुष्यवधाबद्दलची त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. ११२ म्हणजे किती, हे आपण वर पाहिलेच आहे. दिवसभर राबून रस्त्याकडेला झोपलेल्या त्या माणसांचा पार्टीशी काहीही संबंध नव्हता. 'माझा जीव, माझी मर्जी' हा युक्तिवाद इथे संपतो.

वर्गातून रस्त्यावर

एवढे विज्ञान सांगून झाल्यावर त्याचा उपयोग कसा करायचा? परीक्षक दारूने आधी सैल होतो हे एकदा पटले की पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो. निर्णय पिण्याच्या आधीच व्हायला हवा, नंतर नव्हे. सहलीला किंवा समारंभाला निघतानाच परत कसे यायचे, किल्ल्या कुणाकडे राहतील, रिक्षा मिळेल की तिथेच मुक्काम करायचा, हे ठरवावे. किल्ली सांभाळणाऱ्याने 'थोडीशी' सुद्धा घ्यायची नाही. कधीच न पिणारा विद्यार्थी अशा गटात चेष्टेचा विषय होतो. त्याच्याच भरवशावर बाकीचे घरी पोहोचतात, हे शिक्षकांनी सर्वांसमोर बोलून दाखवावे.

मित्राला अडवायचे कसे, याचाही सराव लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटात दोघांदोघांनी हा संवाद करून पाहावा. एकाने "मला काही झालेले नाही" म्हणत किल्ली मागायची, दुसऱ्याने ती न देता भांडण टाळायचे. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण हरतात. म्हणूनच तो वर्गात करायचा. ज्याच्या मागे बसायचे तो प्यायलेला असेल तर न बसणे, हाही एक निर्णय आहे आणि तो मुलींनी व मुलांनी न संकोचता घ्यावा.

पालकांशीही बोलायला हवे. "रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, रागावायचे ते दुसऱ्या दिवशी बघू," एवढे आश्वासन घरून मिळाले तर मुले फोन करतात. ते मिळाले नाही तर ओरडा चुकवण्यासाठी ती गाडी सुरू करतात.

अर्ध्या सेकंदाचे गणित फळ्यावर सोडवायला दहा मिनिटे पुरतात. ते विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवले, आपापल्या गाडीचा वेग घालून उत्तर काढले आणि त्यावर वाद घातला, तर जानेवारीतल्या शपथेमागे काहीतरी आधार उभा राहील.